टर्की त्यांची, डावी बाजू आपली



नोव्हेंबर लागला की आपल्या स्वाध्याय गटाच्या फोनवर दरवर्षी तोच प्रश्न येतो. कुणाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने, कुणाच्या शेजाऱ्यांनी, आता तर कुणाच्या व्याह्यांनी थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलावलेलं असतं. जावं का? गेलं तर खायचं काय? समोर अख्खा पक्षी ठेवलेला असताना घास उतरेल का? मग दोन दिवस चर्चा चालते. एकीचं म्हणणं, असल्या पंगतीला जाऊच नये. दुसरी म्हणते, जावं, पण आपला डबा न्यावा. तिसरी काही बोलत नाही, आदल्या दिवशी दुकानातून सोयाबीनची टर्की घेऊन येते.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना ताटकळायला नको. ज्यांचा तसा नियम नाही त्यांनी जरूर जावं. एकटीपुरता डबा मात्र नेऊ नये, सगळ्यांना पुरेल असं एक मोठं भांडं न्यावं. आणि ती खोटी टर्की कुणीही, कधीही आणू नये. तिच्याविषयी पुढे बोलते.

पहिल्यांदा हा दिवस काय आहे ते बघू, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींना तो चर्चचा सण वाटतो. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. १६२१ साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या वसाहतीच्या लोकांनी पीक घरात आल्यावर तीन दिवस जेवणावळ केली, तिथे वाम्पानोआग लोकांचा प्रमुख आपली नव्वदेक माणसं घेऊन आला होता. ही त्याची मूळ कथा. देशभर एकाच दिवशी हा सण व्हावा म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं अध्यक्षांना पत्रं लिहिली त्या सारा जोसेफा हेल बायकांच्या मासिकाच्या संपादिका होत्या, हे मला फार आवडतं. स्वयंपाक, घर, शिवणटिपण यांवर लिहिणारी बाई, आणि तिने राष्ट्राचा सण ठरवून घेतला. लिंकननी १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, तशी घोषणा केली. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ साली. लिंकनच्या घोषणेत देवाचे आभार आहेत खरे, पण आज या दिवशी कुठली मूर्ती नसते, कुठला विधी नसतो, कुणाला प्रसाद दाखवत नाहीत. घरची माणसं लांबून येतात, एकत्र जेवतात आणि कशाबद्दल तरी कृतज्ञ असल्याचं बोलून दाखवतात. याला मिथ्यात्व म्हणायला माझं मन होत नाही.

त्याची एक काळी बाजूही मुलांना सांगा. ज्यांच्या जमिनीवर ते जेवण झालं त्यांच्या वंशजांपैकी काही जण १९७०पासून दर थँक्सगिव्हिंगला प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. ज्यांनी पाहुण्यांना जगवलं, त्यांच्याच हातातून पुढे जमीन गेली. आपण कुणाच्या घरी, कुणाच्या जमिनीवर जेवतोय हे ठाऊक असलेलं बरं.

आता ताटाकडे येऊ.

आपल्या ताटाला डावी बाजू असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत. पुरणपोळी मध्ये मिरवते, कौतुक तिचंच होतं. पण वर्षांनंतर आठवतं काय? माझ्या सांगलीच्या मावशीच्या घरच्या लग्नातल्या पोळ्या मला आठवत नाहीत. तिचं मिरचीचं पंचामृत आठवतं, त्यातले तीळ-दाणे आणि चिंचगुळाचा तो दाटपणा सकट. अमेरिकन माणसांचंही हेच आहे. विचारून बघा एखाद्या सहकारिणीला की थँक्सगिव्हिंगला कशाची वाट बघतेस. टर्की म्हणणारे मला तरी थोडेच भेटले. टर्की कोरडी होते हे तेच कुरकुरत सांगतात, म्हणून तर तिच्यावर ग्रेव्ही ओततात. वाट बघतात ती ‘साइड्स’ची, म्हणजे डाव्या बाजूची: कुणाला मॅकरोनी-चीज, कुणाला रताळ्याचं, कुणाला आजीचं पावाचं स्टफिंग. कुठला पदार्थ कुणी आणायचा हे घरात ठरलेलं असतं आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली खपत नाही. एखाद्या सुनेने हौसेने क्रॅनबेरीत संत्र्याची साल घातली, तर पुढची तीन वर्षं ती ऐकून घेते. आपल्याकडे आमटीत गूळ जास्त पडला की होतं, तसंच.

म्हणजे या सणाचं खरं घरपण डाव्या बाजूत आहे, आणि डावी बाजू बहुतेक भाज्यांची आहे. इथे आपल्याला जागा आहे. फक्त डोळे उघडे ठेवून बसायला हवं, कारण ‘व्हेजिटेबल’ म्हणून जे पुढे येतं त्यात काय काय दडलेलं असतं ते आपल्या नवीन आलेल्या मुलींना माहीत नसतं.

कुस्करलेला बटाटा आणि रताळं ही उघड कंदमुळं, त्यात लपवाछपवी नाही. गंमत म्हणजे १६२१च्या जेवणात या दोन्हींतलं काहीच नव्हतं. बटाटा तेव्हा त्या भागात पोचलाच नव्हता. रताळ्यावर जे पांढरं फुगीर मार्शमेलो वितळवतात त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. रताळं खाणाऱ्या आपल्या मैत्रिणींनीही तिथे थांबावं. स्टफिंग हे शिळ्या पावाचं, पण ते बहुधा कोंबडीच्या पाण्यात भिजवलेलं असतं, आणि पुष्कळ घरी पक्ष्याच्या पोटात भरूनच भाजतात. चीजमध्ये रेनेट बघायचं, ते वासराच्या जठरातलं असू शकतं. वनस्पतीचं किंवा सूक्ष्मजंतूंचं असेल तर वेष्टनावर सहसा लिहिलेलं असतं. पायच्या पारीत कधी डुकराची चरबी असते, भोपळ्याच्या सारणात अंडी असतातच. गाजरांवर, पावांवर मध फासतात. मधाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही, इतका तो इथे निरुपद्रवी समजला जातो. पावातलं यीस्ट चालतं की नाही यावर आपल्याकडे एकमत नाही, मी त्यात पडत नाही.

सगळ्यांत जपून राहायचं ते फरसबीच्या कॅसरोलपासून, कारण ते दिसतं अगदी आपलं. हिरव्या शेंगा, पांढरा रस्सा, वर काहीतरी कुरकुरीत. हा पदार्थ आजीच्या आजीपासून चालत आलाय असं वाटतं, पण तो १९५५चा आहे. आपल्या न्यू जर्सीतल्याच कॅम्डेनला, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी तो बसवला. घरात असतील अशा डब्यातल्या वस्तू, मोजके जिन्नस, ओव्हनमध्ये अर्धा तास. पांढरा रस्सा म्हणजे अळंबीचं सूप, आणि वरचं कुरकुरीत म्हणजे तळलेला कांदा. शेंगा सोडल्या तर आपल्या उपयोगाचं त्यात काही उरत नाही.

हा पदार्थ माझ्या फार जवळ येऊन बसलाय, त्याची गोष्ट सांगते.

माझ्या लेकीचं सासर पेनसिल्व्हेनियात आहे. जावई अमेरिकन, माणूस अतिशय सरळ. त्याच्या घरी थँक्सगिव्हिंगचं कॅसरोल विहीणबाईंच्या आई करतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ते लग्न झाल्यापासून दरवर्षी केलेलं आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लेकीचा मला आठवडाभर आधी फोन. “आई, आजींना सांगू का? त्या एवढ्या प्रेमाने वाढणार. थोडं घेऊन बाजूला ठेवलं तर?”

मी म्हटलं, “अगं, ताटात घेऊन टाकणं हा त्यांच्या कष्टाचा अपमान, आणि खाणं हा तुझ्या नियमाचा. आधीच सांग. पण ‘मी हे खात नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. काय खातेस तेही सांग.”

तिने फोन केला. अळंबी का नाही, कांदा का नाही, हे तिने दोन-तीन वाक्यांत सांगितलं: जमिनीखालचं उपटलं की अख्खं रोप मरतं, त्यात सूक्ष्म जीव फार, म्हणून आम्ही टाळतो. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “दूध चालतं का?” चालतं. “मिरपूड?” चालते. “मग मला पांढरा सॉस करता येतो. हे डबे निघायच्या आधी माझी आई तसाच करायची.”

त्या गुरुवारी टेबलावर मोठ्या कॅसरोलच्या शेजारी एक लहान काचेचं भांडं होतं, फॉइलने झाकलेलं, वर चिकटपट्टीवर लेकीचं नाव. वर कांद्याऐवजी पावाचा चुरा तुपात परतून घातलेला. तूप लेकीने कळवलं होतं म्हणून त्यांनी मुद्दाम शोधून आणलेलं. आता सात वर्षं झाली, ते भांडं दरवर्षी असतं, आणि आता ते लहान राहिलेलं नाही, कारण जावयाची धाकटी बहीणही त्यातलंच घेते. तिला मशरूम कधीच आवडत नव्हतं म्हणे, पण आजीला सांगायचं धाडस नव्हतं.

आता ज्या म्हणतात की जाऊच नये, त्यांच्याकडे वळते. त्यांची बाजू हलकी नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई त्यांच्यातल्याच, आणि त्यांच्याएवढं शास्त्र मी वाचलेलं नाही. त्या विचारतात, “कृत, कारित, अनुमोदना. तू मारलं नाहीस, मारवलं नाहीस, मान्य. पण ज्या टेबलावर तो जीव मांडलाय तिथे हसत बसणं ही अनुमोदना नाही तर काय?” या एका दिवसासाठी या देशात कोट्यवधी टर्की मारल्या जातात. आणि १९८९पासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष एखाददुसऱ्या टर्कीला जाहीर माफी देऊन सोडून देतात. जाऊबाई ते टीव्हीवर बघतात आणि म्हणतात, “अपराध कुठला केला होता तिने, की माफी द्यायची?” याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाकडेच नसावं.

तरी अनुमोदनेबद्दल मी त्यांच्याशी भांडते. अनुमोदना मनाने होते, वचनाने होते, कायेने होते. मी टर्कीला ‘छान झालीय’ म्हणत नाही. ग्रेव्ही ढवळायला हात लावत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट, जी तिथे गेल्यावरच कळते: तिथे वाढपी नसतात, भांडी टेबलाभोवती हातोहात फिरतात. टर्कीचं ताट शेजारच्याने माझ्या हातात दिलं तर मी ते पुढे द्यायचं का? माझ्यासाठी नाही. म्हणून आम्ही मायलेकी टेबलाच्या टोकाला बसतो, जिथून ताट फिरून मागे जातं. विहीणबाईंनी पहिल्याच वर्षी हे ओळखलं आणि नंतर स्वतःच टर्की टेबलावरून उचलून बाजूच्या कट्ट्यावर ठेवायला लागल्या. ज्याला हवी त्याने उठून घ्यावी. कुणी मागणी केलेली नव्हती. आता मधोमध जागा रिकामी झाली, तिथे डाव्या बाजूची भांडी आली. मी गेले नसते, तर हे घडलं असतं का? जाऊबाईंना मी हेच विचारते. त्या म्हणतात, पक्षी तर मेलाच. तोही खराच. आमचा वाद इथेच थांबतो, दरवर्षी.

ज्यांनी व्रतं घेतलीत, प्रतिमाधारी आहेत, किंवा ज्यांना त्या वासानेच मळमळतं, त्यांनी जाऊ नये, आणि त्यांना कुणी आडमुठं म्हणू नये. मी बोलतेय ती माझ्यासारख्या संसारी, मधल्या बायकांबद्दल.

आता ती सोयाबीनची टर्की. १९९५ साली ती बाजारात आली, तेव्हा इथल्या शाकाहारी लोकांची सोय झाली असेल, त्यांना मांसाची सवय होती आणि ती सोडायची होती. आपल्याला कुठे ती सवय होती? आपण कशाची उणीव भरून काढतोय? आणि यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना? आई जिवंत बळी द्यायला सांगते, राजा ऐकत नाही, मग तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून कापतो. जीव एकही गेला नाही. तरी तो संकल्प त्या मायलेकांना जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरवत राहिला. सोमदेवसूरींनी ९५९ साली यशस्तिलकात ही कथा सांगितली, कानडीत जन्नकवीने १२०९ साली सांगितली. हजार वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी सोयाबीनच्या टर्कीवर निकाल देऊन ठेवलाय, आणि आपण ती सुरीने कापून मुलांच्या ताटात वाढतोय! मुलाला त्यातून कळतं एवढंच की जेवणाच्या मध्यभागी एक पक्षी लागतोच, खरा नाही तर खोटा. मला हे शिकवायचं नाही.

मध्यभागी काही नसलं तरी चालतं. नुसत्या डाव्या बाजूने पोट भरतं आणि मनही.

या देशाची जी जुनी शेती, तिच्यात तीन बहिणी म्हणतात: मका, घेवडा आणि भोपळा. इथल्या मूळ रहिवाशांपैकी अनेक जमाती ही तिन्ही एकाच वाफ्यात लावत आल्या. मका उभा राहतो, घेवड्याचा वेल त्याच्यावर चढतो, भोपळ्याची पानं खालची जमीन झाकून ओल धरतात, आणि घेवडा मातीला खत देतो. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत शेती कुणाला नवी नाही. ज्वारीत तूर घेतात, त्यातलंच हे शहाणपण. तिन्ही जमिनीच्या वर वाढणारी. तिन्ही आपल्याला चालणारी. मका, मिरची, लाल भोपळा, शेंगदाणा हे आपण आपलंच समजतो, पण ते सगळं युरोपियन जहाजांतून या खंडातून आपल्याकडे आलं. तेव्हा थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचे घारगे घेऊन जाताना मला परकं काही नेतेय असं वाटत नाही. माहेरची वस्तू माहेरी जातेय, फक्त मधे चारशे-पाचशे वर्षं सासरी राहून गोडधोड शिकून आली.

घारगे मी दरवर्षी नेते. ताजा भोपळा किसून गुळात शिजवला तर उत्तमच, पण डब्यातला भोपळ्याचा गरही चालतो. डबा घेताना नुसता भोपळा लिहिलेला घ्या. शेजारीच ‘पाय मिक्स’ असतं, त्यात साखर-मसाला घातलेला असतो आणि घारग्याला दालचिनी-लवंगेचा वास लागतो. गरात गूळ विरघळवून गार करायचा, वेलदोडा, चिमूटभर मीठ, मावेल तेवढी कणीक आणि थोडी तांदळाची पिठी. पाणी घालायचं नाही. जाडसर थापून मंद आचेवर तळायचे. अंडं नाही, यीस्ट नाही, दोन दिवस मऊ राहतात. तिथली मुलं त्यांना भोपळ्याचे डोनट म्हणतात. म्हणू देत.

क्रॅनबेरी आम्ही तिथे गेल्यावर करतो, कारण ती दहा मिनिटांचं काम आहे. आपल्या करवंदाची चुलत बहीण म्हणावी अशी आंबट. न्यू जर्सीत तिची शेती आहे. हंगामात शेतात पाणी सोडतात, आत हवेचे कप्पे असल्यामुळे फळं तरंगून वर येतात आणि अख्खं शेत लाल होतं. मुलांना एकदा दाखवाच. बाजारात मिळते ती ३४० ग्रॅमची पिशवी, एक वाटी साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की फळं फटफट फुटतात. तिच्यात स्वतःचंच पेक्टिन इतकं असतं की गार झाल्यावर आपोआप थिजते, जिलेटिनची गरजच नाही. टेबलावरचा हा एक पदार्थ असा, की आजींची रीत आणि आपली रीत यांत काही फरक नाही. मी फक्त अर्ध्या भागाला शेवटी तुपात हिंग-मिरचीची फोडणी देते. तो अर्धा आधी संपतो, एवढं सांगते आणि गप्प बसते.

कुस्करलेल्या बटाट्याच्या जागी कच्ची केळी. फ्लॉवर करतात बऱ्याच जणी, पण त्यातले किडे बघता माझ्या घरी तो येत नाही. केळी सालासकट कुकरला लावायची, सोलून गरम असतानाच कुस्करायची. गार झाली की गोळे होतात. गरम दूध, तूप, मीठ, मिरपूड, हिंगाचा कण. रंग थोडा करडा येतो. आणि फरसबीचं कॅसरोल घरी करायचं असेल तर वर मक्याचे पोहे तळून चुरून घाला. शेव घालू नका. बेसन आणि दूध एकत्र दिसलं की कुणीतरी द्विदलाचा विषय काढतं आणि जेवण बाजूला राहतं.

वेळेचं सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. इथे एरवी कुणी जेवायला बोलावलं की सात-साडेसात, आपण सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी करायचं काय? थँक्सगिव्हिंगचं जेवण मात्र दुपारी असतं, पुष्कळ घरी दोन ते चारच्या दरम्यान. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे अमेरिकन वर्षातली ही एक मोठी पंगत अशी, की ती उजेडात बसते. यजमानांना आधीच सांगून ठेवा की आम्ही अंधार पडल्यावर खात नाही. आमच्या विहीणबाईंनी तीनचं जेवण दोनवर आणलं, आणि त्यांच्याकडची म्हातारी माणसं खूश झाली, त्यांना उजेडात गाडी चालवून घरी जाता येतं. पाय मात्र ते लोक संध्याकाळी खातात. तेव्हा आम्ही पाणीही घेत नाही, नुसतं बसतो, आणि कुणाला त्याचं आता काही वाटत नाही. नात पाच वर्षांची आहे. ती कधी आमच्याबरोबर हात धुऊन मोकळी होते, कधी पणजीच्या मांडीवर बसून पाय खाते. अंडी असतात त्यात. लेकीने आणि जावयाने ते तिच्यावर सोडलंय, आणि मी त्यात बोलत नाही. जाऊबाई बोलतात. फोनवर, मला.

ज्या घरांना कुणाचं बोलावणं नसतं त्यांनी त्या दिवशी आपल्या चार घरांनी एकत्र यावं, पण दिवाळीसारखा घाट घालू नये. निर्वाण लाडू होऊन फार दिवस झालेले नसतात, हात दुखत असतात. प्रत्येकीने एकच पदार्थ आणावा आणि दरवर्षी तोच आणावा. हे मी मुद्दाम म्हणते. आपल्याला दरवेळी नवीन काही करून दाखवायची फार हौस. पण मुलांना वीस वर्षांनी आठवावं असं वाटत असेल तर ‘काकूंचा मका’ हा काकूंचाच मका राहिला पाहिजे, त्याच भांड्यात, तेवढ्याच तिखटाचा. आजींचं कॅसरोल जर त्यांनी दरवर्षी बदललं असतं, तर त्यांना आमच्यासाठी एक भांडं वेगळं करावंसं वाटलं असतं का, कोण जाणे.

केळ्यांचं एक ध्यानात ठेवा. त्या आठवड्यात इंडियन दुकानात कच्ची केळी बुधवारपर्यंत संपतात, म्हणून सगळ्या रविवारीच आणून ठेवतात, आणि उबेला ठेवली की गुरुवारपर्यंत ती पिवळी पडतात. सोमवारी संध्याकाळी घ्या, गार गॅरेजमध्ये ठेवा. नाहीच मिळाली तर मेक्सिकन दुकानातली मोठी हिरवी केळी घ्या, ती जास्त घट्ट असतात, एक शिट्टी जास्त लागते.